जोन (दूरचित्रवाणी मालिका)

जोन ही सहा भागांची ब्रिटिश गुन्हेगारी मालिका २९ सप्टेंबर २०२४ पासून आयटीव्ही वाहिनीवर दाखवली गेली. लगेच पुढच्या आठवड्यात ती अमेरिकेत द सीडब्ल्यू वाहिनीवर आली. १९८०च्या दशकात लंडनमध्ये हिरे आणि दागिने चोरणाऱ्या जोन हॅनिंग्टन यांच्या आयुष्यावर ती बेतलेली आहे. ‘गॉडमदर’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या हॅनिंग्टन यांनी आपली कहाणी २००२ साली आत्मकथनातून सांगितली होती. मालिकेचा आधार तेच पुस्तक. लेखन ॲना सायमन यांचे, दिग्दर्शन रिचर्ड लॅक्स्टन यांचे. जोनची भूमिका सोफी टर्नर हिने केली आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली सांसा स्टार्क म्हणून जगाला ठाऊक असलेली ही अभिनेत्री इथे ओळखूच येत नाही.

कथेची सुरुवात चोरीपासून होत नाही. जोनचा नवरा गुन्हेगार आणि मारकुटा. तो पळून जातो आणि त्याच्या मागावरचे गुंड तिच्या दारात येतात. सहा वर्षांच्या मुलीच्या जिवाला धोका नको म्हणून जोन तिला थोड्या दिवसांसाठी सरकारी देखरेखीत ठेवते, पण परत घ्यायला गेल्यावर ते सोपे राहत नाही. घर हवे, नोकरी हवी, पैसा हवा. मुलीसाठी पैसा म्हणून ती चोरीकडे वळते आणि त्याच चोरीमुळे मुलगी आणखी दूर जाते. मालिकेचा खरा पीळ इथे आहे, हिरे त्यानंतर.

चोरीची रीत मात्र बारकाईने पाहण्याजोगी आहे. थापा मारून जोन एका जवाहिऱ्याच्या दुकानात नोकरी मिळवते. तिथे सुटे हिरे हाताळायला मिळतात, आणि ती ते चक्क गिळते. पोटातल्या आम्लाचा हिऱ्यावर काही परिणाम होत नाही. झडतीत हात रिकामे, पर्स रिकामी. हिरे यथावकाश शौचावाटे बाहेर पडतात. पडद्यावर हा प्रसंग ओंगळ वाटतो आणि तो तसाच वाटायला हवा, कारण त्यातून तिची गरज दिसते.

पुढे बॉइसी हॅनिंग्टन (फ्रँक डिलेन) हा जुन्या वस्तूंचा व्यापारी तिच्या आयुष्यात येतो. प्रेम आणि धंदा इथून एकत्र चालतात. आता रीत बदलते, ती अदलाबदलीची. दुकानातली अंगठी आधी नीट पाहून ठेवायची, तिची हुबेहूब नकली करवून घ्यायची, मग श्रीमंत गिऱ्हाईक बनून परत जायचे. ट्रेमधली खरी अंगठी बोटात जाते, बोलता बोलता नकली तिच्या जागी येते. ट्रेमध्ये जागा रिकामी राहत नाही, म्हणून त्या क्षणी कोणाला संशय येत नाही.

या हातचलाखीइतकेच काम तिचा आवाज करतो. जोन कामगारवर्गातली. इंग्लंडमध्ये माणूस तोंड उघडतो तेव्हाच त्याची पायरी ठरते, हे तिला पुरते कळलेले असते. केसांचे टोप, फरचा कोट आणि उमरावी उच्चार एवढ्यावर काउंटरमागचा विक्रेता अदबीने ट्रे पुढे सरकवतो. टर्नरने हे उच्चार पालटणे फार समजून केले आहे: दुकानात शब्द लांबवणारी बाई रस्त्यावर येताच पुन्हा आपल्या वस्तीतली होते.

चित्रीकरणाचा बराच भाग बर्मिंगहॅम आणि परिसरात झाला. सोनारकामाची जुनी परंपरा असलेल्या या शहरात १९८०च्या दशकातले लंडन उभे केले गेले. भडक रंगांचे कपडे, जाड खांदेपट्टी, फुगवलेले केस यांची चमक डोळ्यांत भरते. क्वचित ती कथेवर कुरघोडीही करते. मालिका जोनकडे झुकलेली आहे हे उघड आहे. तिच्याच आठवणींवर उभी असल्याने लुबाडल्या गेलेल्या दुकानदारांची बाजू तिच्यात जवळजवळ येत नाही, आणि ही उणीव शेवटपर्यंत जाणवते.