कलमाच्या पोटात औषध नेतं कोण, प्रेशर की वारा?

मुरबाडकडच्या आमच्या हापूसच्या कलमांवर औषध मारायला जानेवारीत भाड्याचा एचटीपी पंप आणला होता, म्हणजे लांब पाइप आणि हातातल्या गनमधून जोराने औषध फेकणारा पंप. मोहोर फुटायला लागला होता आणि तुडतुडेही दिसत होते. ठाण्याहून निघताना मी पिवळे कागद बरोबर घेतले होते, ज्यांच्यावर पाण्याचा थेंब पडला की निळा डाग उठतो. कपड्यांच्या चिमट्यांनी एकाच झाडावर ते तीन जागी लावले: एक घेरावर बाहेर, एक पोटात खोडाजवळ, एक बांबूला बांधून शेंड्यात. फवारणी झाली तेव्हा झाडाखाली चिखल झाला होता. बाहेरचा कागद सबंध निळा, डाग मोजायलाही जागा नाही. पोटातला मात्र तसाच पिवळा, कडेला दोन टिकल्या. शेंड्यातला पालथ्या अंगाने कोरडा.

"उद्या प्रेशर वाढवतो, दादा," गन धरणारा म्हणाला.

गल्लत होते ती इथेच. प्रेशर म्हणजे जोर आणि जोर म्हणजे पोच, असं आपण धरून चालतो. पण पंपाचं प्रेशर मुख्यतः एकच काम करतं, पाणी फोडून थेंब बनवतं. नोझल, म्हणजे फवारा निघतो ते तोंड, तेच ठेवून प्रेशर वाढवलं की थेंब बारीक होतात. पाणीही फारसं वाढत नाही. दुप्पट पाणी हवं तर प्रेशर चौपट करावं लागतं. थेंबाचा व्यास निम्मा झाला की एका थेंबाचे आठ होतात, आणि प्रत्येकाच्या अंगातला जोर तेवढाच कमी. डोक्याच्या केसाएवढ्या जाडीचा थेंब कितीही वेगाने निघाला तरी स्थिर हवेत हातभर जाऊन अडखळतो. पुढे तो वाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे प्रेशर वाढवून आपण पोच वाढवत नाही, धुकं वाढवतो, आणि ते शेजारच्या वाडीत जातं.

गनचं तोंड आवळलं की सरळ धार निघते, ती उंच जाते हे खरं. पण पहिल्या पानावर आदळून ओघळते. बाहेरचं पान एका मापापुढे औषध धरतच नाही, वरचं सगळं जमिनीला. झाडाखालचा चिखल पाहून 'आज मस्त भिजवलं' म्हणणाऱ्यांना मला नेहमी विचारावंसं वाटतं, भिजवलं कोणाला?

वाऱ्याचं काम वेगळं. नाशिककडे द्राक्षांत ट्रॅक्टरमागे जो ब्लोअर फिरतो, त्याचा पंखा थेंब बनवत नाही, वाहून नेतो. दाट झाडाच्या पोटात हवा कोंडलेली असते. ती बाहेर ढकलून तिच्या जागी औषधाची हवा भरायची, असा तो सगळा खेळ आहे. वाऱ्याने पानं हलतात, उलटतात, म्हणून पालथी बाजूही ओली होते. तुडतुडे आणि फुलकिडे उघड्यावर थोडेच बसतात?

यातून एक हिशेब निघतो जो कोणी करत नाही. 6 मीटर उंच आणि लांबी-रुंदीला 6-6 मीटर पसरलेलं कलम ढोबळ पेटी धरलं तर आत 216 घनमीटर हवा. पाठीवरचा मोठा ब्लोअर मिनिटाला साधारण 20 घनमीटर हवा फेकतो. म्हणजे कागदावर एका झाडाला दहाएक मिनिटं. फेकलेला वारा आजूबाजूची हवाही ओढून घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी वेळ लागतो, पण भराभर चालत जाऊन भागणार नाही एवढं नक्की. उलट फार जवळून जोराचा झोत मारला तर पानं कौलांसारखी एकमेकांवर दाबून बसतात आणि आत जायची वाटच बंद होते. पलीकडच्या बाजूला प्लास्टिकची फीत बांधावी. ती जेमतेम फडफडली की वारा पुरे.

ड्रोनचं विचाराल तर वरून येणारा झोत शेंड्याला बरा, दाट कलमाच्या पोटात तो क्वचितच उतरतो.

आमच्या वाडीत उतार असल्यामुळे ट्रॅक्टर चढत नाही, आणि पाठीवरच्या ब्लोअरने सगळी कलमं उरकायला माणसं नाहीत. मग गनच वापरायची, पण बाहेरून घेरावर फिरवत बसायची नाही. पुढच्या खेपेला प्रेशर कमी केलं, नोझलमध्ये मोठ्या भोकाची चकती घातली, आणि गनवाला झाडाखाली शिरून आतून बाहेर मारत गेला. खोड आणि जाड फांद्याही धुतल्या, कारण मोहोर नसताना तुडतुडे सालीच्या भेगांतच दडतात. यात डोक्यावर औषध ठिबकतं. रेनकोट, चष्मा, मास्क नसेल तर त्याला आत पाठवायचंच नाही. सकाळी लवकर, दुपारचा खारा वारा सुटायच्या आत, आणि कागद मात्र दव गेल्यावर लावायचे. आपल्याकडच्या दमट हवेत ते आपोआप निळे पडतात, ओल्या बोटांनीही.

शेंड्याचं कोडं गनने सुटलं नाही. त्यासाठी आंबा उतरल्यावर मधली उभी फांदी काढली. घरात त्यावरून आठवडाभर अबोला होता. पण आता दुपारी झाडाखाली उन्हाचे कवडसे पडतात, आणि ऊन जिथून येतं तिथून औषधही जातं.

दुसऱ्या खेपेचा पोटातला कागद मी जपून ठेवलाय. त्यावर पिवळ्यात वेगवेगळे उठलेले निळे ठिपके आहेत, रांगोळीसारखे. त्या दिवशी टाकीत पाणी उरलं, तेव्हा गनवाला दोनदा वाकून बघत होता, एखादं झाड राहिलं तर नाही ना.