विंडोज ३.१ ची स्क्रीन बिघडली? मशीन आमच्याकडे आणण्याआधी हे करून पाहा

जुनं मशीन घेऊन येणारे बहुतेक ग्राहक दारातच निदान सांगतात: "मॉनिटर गेला." बऱ्याचदा मॉनिटर बिचारा ठणठणीत असतो. म्हणून आधी विंडोजमधून बाहेर पडा आणि डॉसच्या, म्हणजे ज्यावर विंडोज चालतं त्या मूळ सिस्टिमच्या, काळ्या स्क्रीनकडे दोन मिनिटं नीट बघा. दोष तिथेही दिसला, तर केबल, मशीनमधलं चित्र बनवणारं कार्ड किंवा मॉनिटर तपासायचा. तिथे सगळं स्वच्छ असेल, तर पहिला संशय विंडोजच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर.

सगळ्या स्क्रीनवर एकाच रंगाची झाक असेल, तर मॉनिटरची केबल काढून पिना बघा. लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळ्या पिनांवरून येतात. निळा तुटला की पांढरं पिवळं दिसतं, लाल तुटला की हिरवट निळं, हिरवा तुटला की जांभळट गुलाबी. वाकलेली पिन मशीन बंद करून चिमट्याने हलकेच सरळ करा. एखाद्या पिनेची जागा मुळातच रिकामी असते, तिला घाबरू नका. फक्त कोपऱ्यात रंगीत डाग असेल, तर शेजारचा स्पीकर लांब ठेवा.

२५६ रंगांच्या सेटिंगवर दुसरी विंडो पुढे घेतली की मागचं चित्र भलत्याच रंगांत दिसतं. हा बिघाड नाही. त्यातले २० रंग विंडोज स्वतःकडे ठेवतं, उरलेल्यांवर पुढच्या विंडोचा पहिला हक्क.

सगळ्यात जास्त मशीन येतात ती नवा ड्रायव्हर टाकल्यावर स्क्रीन काळी पडली किंवा चित्र फिरू लागलं म्हणून. १०२४ × ७६८ ला २५६ रंग हवे असतील, तर नुसत्या चित्रालाच ७६८ केबी मेमरी लागते. ५१२ केबीच्या कार्डाने ती आणायची कुठून? कार्डाला जमलं, तरी मॉनिटरला ती फ्रीक्वेन्सी झेपायला हवी. अशा वेळी डॉसमधून विंडोजच्या डिरेक्टरीत जा, सेटअप चालवा आणि डिस्प्लेच्या ओळीवर साधा व्हीजीए, म्हणजे कमी रंगांचा प्राथमिक पर्याय, निवडा. मूळ फ्लॉप्या हाताशी असू द्या. सुरू होतानाच स्क्रीनवर कचरा येऊन मशीन अडकत असेल, तर डॉसमध्ये 'विन /डी:एक्स' (win /d:x) देऊन बघा. त्याने चाललं, तर कार्डाच्या मेमरीची जागा दुसरं कोणीतरी वापरतंय. ते आम्ही विंडोजच्या सेटिंग्जच्या सिस्टिम.आयएनआय फाइलमध्ये दुरुस्त करून देतो.

तासभर काम केल्यावर आयकॉन काळे पडतात, मेनू अर्धवट उमटतात? प्रोग्रॅम मॅनेजरच्या हेल्पमध्ये 'अबाउट' उघडा आणि सिस्टिम रिसोर्सेस किती टक्के उरलेत ते बघा. चित्र काढण्याचा हिशेब विंडोज अवघ्या ६४ केबीच्या कप्प्यात ठेवतं आणि काही प्रोग्रॅम बंद होतानाही त्यातली जागा परत करत नाहीत. विंडोज बंद करून पुन्हा सुरू करा. यासाठी रॅम वाढवून मागाल, तर आम्ही विकणार नाही, उपयोग शून्य.

मॉनिटरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतभार उरू शकतो.

दुरुस्तीला आणताना केबल आणि ड्रायव्हरची फ्लॉपी सोबत आणा. नुसता मॉनिटर आणलात, तर दुसरी फेरी नक्की.