वजनघटीची औषधे : प्रायोगिक व मान्यताप्राप्त यांची तुलना (खानदेशाच्या संदर्भात)

लठ्ठपणावरचे अजून चाचणीत असलेले औषध आणि सरकारी मान्यतेने विक्रीस आलेले औषध यांचा परिणाम, धोका आणि पुरावा शेजारी ठेवून पाहणे. या नोंदीत मान्यताप्राप्त म्हणून टिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड, तर प्रायोगिक म्हणून रेटाट्रुटाइड घेतले आहे. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये ‘माउंजारो’ नावाने भारतात आले. सेमाग्लुटाइडची वजनासाठीची मात्रा ‘वेगोव्ही’ नावाने त्याच वर्षी जूनमध्ये आली. रेटाट्रुटाइडला २०२५ अखेर जगात कुठेही मान्यता नव्हती.

तिन्ही औषधे आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचतात. जेवल्यावर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांची ती नक्कल करतात. त्यामुळे भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते आणि थोड्या घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या एकाच संप्रेरकाचे काम करते, टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपीचेही करते. रेटाट्रुटाइडमध्ये तिसरे, स्वादुपिंडातून स्रवणारे ग्लुकागॉन येते, त्याने शरीराचा ऊर्जाखर्चही वाढतो असे मानले जाते.

तुलनेत लोक आधी टक्के पाहतात आणि फसगतही तिथेच होते. सेमाग्लुटाइडच्या १,९६१ जणांवरील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. टिर्झेपाटाइडच्या २,५३९ जणांच्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के घटले. रेटाट्रुटाइडच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत ४८ आठवड्यांतच २४.२ टक्के घट दिसली, पण त्यात माणसे होती ३३८, आणि तीही अनेक मात्रांत विभागलेली. रावेरकडे तापीकाठच्या काळ्या जमिनीत आलेला केळीचा घड आणि चाळीसगावच्या हलक्या रानातला घड तोलून कोणता वाण सरस हे ठरत नाही. दोन्ही वाण एकाच वावरात, एकाच पाण्यावर लावावे लागतात. टिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड यांची अशी एका वावरातली चाचणी झाली आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७५१ जण होते आणि घट अनुक्रमे २०.२ व १३.७ टक्के आली.

एकाच चाचणीतूनही दोन आकडे निघतात. टिर्झेपाटाइडचा वरचा २०.९ हा आकडा औषध मध्येच सोडलेल्यांनाही धरून आहे. औषध चालू ठेवले असते तर, अशा हिशेबाने तोच २२.५ होतो. जाहिरातीत कोणता छापला जातो हे सांगायला नको. मधुमेहींत घट कमी असते. त्यांच्यासाठी केलेल्या वेगळ्या चाचणीत टिर्झेपाटाइडने १४.७ टक्केच वजन उतरले. घरात साखरेचा रुग्ण असणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या रेटाट्रुटाइडच्या तिसऱ्या टप्प्यातील पहिल्या निकालात २८.७ टक्के घट होती. ही चाचणी गुडघ्याची झीज असलेल्या लठ्ठ रुग्णांवर होती. मोठ्या मात्रेवरच्या दर पाचांतल्या सुमारे एकाला त्वचेवर झोंबल्यासारख्या, विचित्र संवेदना जाणवल्या. आधीच्या छोट्या चाचणीत हृदयाचे ठोकेही काही काळ वाढलेले आढळले होते. दुर्मीळ दुष्परिणाम हजारो माणसे वर्षानुवर्षे औषध घेतात तेव्हाच वर येतात. म्हणून मान्यता हाही शेवटचा शब्द नसतो. सिबुट्रामिन हे वजनघटीचेच जुने औषध मान्यता असूनही हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. युरोपात २००६ मध्ये मान्य झालेले रिमोनाबंट हे तसलेच औषध मानसिक दुष्परिणामांमुळे दोन वर्षांत थांबवावे लागले.

मान्यतेचा अर्थ खानदेशातल्या कापूस उत्पादकाला वेगळा समजावावा लागत नाही. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला ती मिळालेली नाही, तरी तिची पाकिटे ‘चोर बीटी’ म्हणून फिरतात. उगवले तर उगवले. न उगवले तर बिल नाही आणि तक्रारही नाही. ‘फक्त संशोधनासाठी’ असे लिहून ऑनलाइन विकली जाणारी रेटाट्रुटाइडची पावडर याच जातीची. कुपीत किती मिलिग्रॅम आहे, ते निर्जंतुक आहे का, मुळात तेच औषध आहे का, याची हमी कोणी देत नाही. जेनेरिकशी तिची गल्लत करू नये. सेमाग्लुटाइडचे भारतीय पेटंट मार्च २०२६ मध्ये संपले. त्यानंतर आलेली स्वस्त इंजेक्शने परवान्याने बनतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत.

हवामानाचा प्रश्न कागदावरच्या तुलनेत येत नाही. ही इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. माउंजारो फ्रिजबाहेर ३० अंशांपर्यंत, जास्तीत जास्त २१ दिवस चालते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बंद घरातही पारा ३० च्या खाली येत नाही आणि वीज गेली की फ्रिजचाही भरवसा नसतो. मळमळ, उलट्या, जुलाब हे या गटातल्या सगळ्याच औषधांचे नेहमीचे त्रास आहेत. त्या उन्हात पाणी पोटात टिकले नाही तर मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून मात्रा दर चार आठवड्यांनी, पायरीपायरीने वाढवतात. ती उन्हाळ्याच्या तोंडावर वाढवावी का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे.

घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. टिर्झेपाटाइडच्या चाचणीत हा वाटा सुमारे पाव भरला. भूक मेल्यावर दोन घासच जाणार असतील तर त्यांत डाळ-उडीद असावे. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी इथे कामाची आहे, शेवभाजीची तर्री तितकीशी नाही. औषध थांबवल्यावर वजन परतते. सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्यापैकी दोनतृतीयांश परत आल्याची नोंद आहे. म्हणून खर्च औषध दीर्घकाळ चालू ठेवण्याच्या हिशेबाने मोजावा : भारतात आले तेव्हा माउंजारोच्या ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती आणि ती आठवडाभर पुरते.

प्रायोगिक औषध कायदेशीरपणे मिळण्याचा सरळ मार्ग म्हणजे नोंदणीकृत चाचणीत सहभागी होणे. भारतात चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि ती नोंद कोणालाही फुकट पाहता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसापुढे प्रमाण मराठीतला चार पानी कागद ठेवला तर ती अट पुरी होत नाही.