पाणकणीस कापून मरत नाही, बुडवून मरतं

पाणकणसाचं एक पान बुडाशी आडवं कापा आणि कापलेलं तोंड उजेडाकडे धरा. आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ्या दिसतात, पातळ पडद्यांनी एकमेकींपासून वेगळ्या केलेल्या. वाळलेला तुकडा पाण्यात टाकला तर बुचासारखा तरंगतो, तो याच पोकळ्यांमुळे. या वनस्पतीचा जीव वर डोलणाऱ्या तपकिरी कणसात नसतो. तो असतो खाली गाळात आडव्या पसरलेल्या, बोटा-दोन बोटांच्या जाडीच्या कांद्यात, म्हणजे जमिनीखालच्या खोडात. त्या काळ्या, वास मारणाऱ्या गाळात ऑक्सिजन जवळपास नसतोच. तो वरून येतो, पानांतल्या याच पोकळ्यांतून. वाळून उभी राहिलेली मागच्या वर्षीची दांडीसुद्धा नळीचं काम करत राहते.

ही नळी पाण्याच्या खाली तोडली की कांद्याचा श्वास कोंडतो. मग साठवलेलं पिठूळ अन्न त्याला ऑक्सिजनशिवाय वापरावं लागतं, आणि त्यातून मिळणारी ऊर्जा नेहमीच्या जेमतेम पंधराव्या हिश्शाएवढी असते. साठा झपाट्याने संपतो. नळी पाण्याच्या वर तोडली, तर मात्र फक्त केस कापल्यासारखं होतं. तलाव साफ करायला लाखांची मशीन आणूनही वर्षभरात तिथंच डोक्याएवढं पाणकणीस उभं राहतं, त्याचं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथली शेती आणि मासेमारी मामा तलावांवर उभी आहे. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव. पूर्व विदर्भात ते जवळपास सात हजार आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, वेगळ्याच. हे तलाव मुळात उथळ. त्यात गाळ साचून ते आणखी उथळ झाले, आणि वरच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, युरिया वाहत येतो. गुडघ्या-मांडीएवढं पाणी, मऊ गाळ आणि भरपूर नत्र, पाणकणसाला याहून वेगळं काही लागत नाही.

एक गैरसमज आधीच काढलेला बरा. पाणकणीस परदेशी नाही, आपलंच आहे. उत्तर अमेरिकेत दलदली गिळणारा जो नळ (फ्रॅग्मायटिस नावाचं उंच गवत) आहे, तो युरोपातून गेलेला वाण आहे. तिथे ‘परका’ हा शब्द बरोबर बसतो. आपल्याकडे खरी परकी आहेत ती बेशरम आणि जलपर्णी, दोन्ही अमेरिका खंडातल्या उष्ण भागातून आलेली. पाणकणीस हे घरचंच पोर आहे, फक्त लाडाने डोक्यावर चढलेलं. म्हणून ते मुळासकट संपवायचं नसतं, आवरायचं असतं.

आता मशीनकडे वळू. ट्रॅक्टर किंवा पोकलेन तलावात उतरवलं की ते का रुततं, आणि जमिनीवर-पाण्यात दोन्हीकडे चालणारी उभयचर गाडी का रुतत नाही, हे साध्या भागाकारातून कळतं. वजन भागिले टेकलेलं क्षेत्र. साठ किलोचा माणूस चालताना एका पावलावर येतो. पाऊल सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३०० ग्रॅम. वीस टनी पोकलेनचे पट्टे रुंद असूनही दाब ४५० ग्रॅमच्या आसपास जातो. बैलाचा खूर लहान, त्याचा दाब किलोच्या वर. बैल चिखलात पोटापर्यंत का जातो ते यावरून समजावं. पट्टे चढवलेल्या छोट्या उभयचर गाडीचं वजन चालक आणि अवजारासह ८०० किलो धरा. दोन पट्टे, प्रत्येकी दोन मीटर लांब आणि ३८ सेंटिमीटर रुंद. दाब येतो ५३ ग्रॅम. माणसाच्या पावलाच्या सहाव्या हिश्शापेक्षा थोडा जास्त. जिथे माणूस मांडीपर्यंत जातो तिथून ही गाडी पसाभर खोल चरा सोडून निघून जाते.

पट्टे नसले तर तिची आठ फुगीर चाकं तेच काम करतात. त्यात हवा अगदी कमी ठेवतात, चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास. मऊ टायरचा जमिनीवरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. पंपवाल्याने सवयीने ट्रॅक्टरच्या टायरएवढी हवा भरली, की अर्धा फायदा तिथंच गेला.

अशा गाड्या नव्या नाहीत. कॅनडात आर्गो नावाची सहा आणि आठ चाकी गाडी १९६०च्या दशकापासून बनते. स्वीडनची ट्रक्सर ही मुळातच पाण्यातलं गवत कापण्यासाठी घडवलेली. अमेरिकेत मार्श मास्टर नावाची पट्ट्यांची गाडी नळाच्या रानात फिरवतात. भारतीय सैन्याकडची मोठ्या चाकांची ॲटर २०२५ मध्ये पंजाबच्या पुरात लोकांना बाहेर काढताना दिसली. मोठ्या शहरांतल्या तलावांवर चालणारं तरंगतं पोकलेन हा याच कुळातला थोरला भाऊ. पण त्याला तलावापर्यंत न्यायला ट्रेलर लागतो, आणि पांदण रस्त्यावरून ट्रेलर जात नाही. गावच्या तलावाला छोटीच गाडी सोयीची.

पाण्यात ती तरंगते कशी, तर पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यासारखी. डबा तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, सरळ पेटीसारखा धरला तर ८०० किलोला तो सुमारे १८ सेंटिमीटर बुडतो. पुढच्या प्रत्येक ४५ किलोला आणखी एक सेंटिमीटर. ऐकायला हे काहीच नाही वाटत. पण ओलं कापलेलं पाणकणीस १८० किलो एका बाजूला रचलं, तर गाडी नुसती चार सेंटिमीटर खाली जात नाही, ती कलते. आणि कललेल्या बाजूने पाणी आत आलं की ते पाणीही त्याच बाजूला धावतं. म्हणून कापलेला माल गाडीवर लादायचाच नाही. तो दोरखंडाला बांधून मागे ओढत आणायचा. पाणकणीस स्वतः तरंगतं, ते ओझं पाण्यालाच वाहू द्यावं.

उतरण्याआधी बुडातली बुचं तपासा. धुताना पाणी निघून जावं म्हणून ती काढतात आणि लावायची राहतात. या गाड्या बुडण्याचं हे सर्वांत बावळट आणि सर्वांत नेहमीचं कारण. गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं उभी करून आत ओल येते का पाहावं. आस जिथे डब्याच्या भिंतीतून बाहेर येतो तिथली सीलं गाळाने लवकर झिजतात, म्हणून दिवसाचं काम संपलं की तिथे ग्रीस भरावं. पाणी उपसायचा छोटा पंप चालू आहे ना, हेही त्याच वेळी.

पुढे लावायचं अवजार म्हणजे गवत कापायच्या कात्रीसारखं मागेपुढे सरकणारं दातेरी पातं, पावणेदोन-दोन मीटर रुंद. फिरत्या पात्याचं यंत्र वापरू नये. ते दांड्यांचा चुरा करतं, चुरा पाण्यात पसरतो आणि गोळा होत नाही. ताशी दोन किलोमीटर वेगाने, वळणं आणि अडथळे धरून, तासाला अर्धा एकर होतो. पाच एकर म्हणजे दहा तास. इथे बहुतेकांचा हिशेब थांबतो, आणि तिथेच तो चुकतो.

कारण गाठ आहे पाण्याशी. कापल्यानंतर खुंटांवर किमान वीतभर पाणी चढलं पाहिजे आणि ते काही आठवडे टिकलं पाहिजे. मामा तलावाचं वर्ष बघा. दसऱ्यापर्यंत तो भरलेला, मग तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडतं, धानाला पाणी जातं, पातळी उतरत उतरत मे महिन्यात मधलं डबकं उरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलं, तर पाणी रोज खाली सरकतंय. खुंट उघडे पडतात, श्वास घेतात, दुप्पट जोमाने फुटतात. नेमकं याच दिवसांत, मार्चअखेरीस निधी संपवायचा म्हणून, सफाईची कामं जोरात असतात! त्यापेक्षा तलावाला हात न लावलेला परवडला.

पहिली कापणी मेच्या शेवटच्या किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, गाळालगत, खुंट चार बोटांपेक्षा उंच न ठेवता. मेमध्ये काठाकाठाचं रान कोरड्यावरच येतं. तिथे विळ्याने माणसंही कापू शकतात, गाडी लागते ती मधल्या भसभशीत पट्ट्यात. नंतर पाऊस बाकीचं करतो. कणीस कुठल्या अवस्थेत आहे तेही पाहावं: वरचा नर भाग आणि खालचा मादी भाग दोन्ही हिरवे असतील तेव्हा कांद्यातला साठा सर्वांत कमी असतो, कारण तो फुलोऱ्यात खर्च झालेला असतो. कणीस मखमली तपकिरी झालं की उशीर झाला. तेव्हा अन्न परत खाली उतरायला लागतं, आणि एकेका कणसात लाखाहून जास्त बिया उडायला तयार असतात.

दुसरी कापणी सप्टेंबरमध्ये, तलाव भरलेला असताना. जी पाती पाण्याच्या वर आली असतील तेवढीच, पातं पाण्याखाली दोन वीत सोडून. ट्रॅक्टर, पोकलेन, माणूस, कोणाच्यानेही हे नीट होत नाही. उभयचर गाडीचे पैसे खरं तर या एका फेरीसाठी मोजायचे. पाऊस लांबला आणि पाती आधीच वर निघाली, तर जुलैमध्ये मधेच एक फेरी घालावी लागते.

वळताना ही गाडी एका बाजूची चाकं अडवून घसरत वळते. जागच्या जागी गर्रकन वळवली तर खालचे कांदे तुटून वर येतात, आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवं रोप. बैलगाडी वळवावी तशी, लांब वळसा घेऊन वळवावी. पाती आसाभोवती गुंडाळली जातात. दर तासाला थांबून कोयत्याने सोडवावीत. कणसाचा कापूस रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि इंजिन तापतं. मेच्या उन्हात वाळक्या पाचोळ्यात गरम सायलेन्सर असला की आगीची भीती खरी, म्हणून गाडीवर पाण्याचा डबा आणि फवारणीचा पंप ठेवावा. गाडी अडकलीच तर विंच आहे, पण तलावाच्या मधोमध दोर बांधायला झाड नसतं. काठावर हातभर खोल आडवा चर खणून त्यात लाकडी ओंडका पुरायचा आणि त्याला दोर लावायचा. आणि पाळीवरून चढण्याचा मोह टाळावा. पाळीची दगडी पिचिंग पट्ट्यांनी उखडते. वरच्या, बांध्यांच्या बाजूने उतार सौम्य असतो, ये-जा तिकडूनच.

आता त्या राहिलेल्या हिशेबाकडे. ओलं पाणकणीस चौरस मीटरला पाच किलोच्या घरात भरतं. पाच एकरांतून शंभर टन. फुगीर माल असल्याने एका ट्रॉलीत दीड-दोन टनच बसतो, म्हणजे पन्नासहून जास्त खेपा. मेमध्ये कापलेलं तलावाच्या कोरड्या पोटात चार-पाच दिवस वाळू दिलं तर वजन निम्म्याहून खाली येतं. पावसाळ्यातला माल ओलाच काढावा लागतो, पण तोवर तो थोडा असतो.

‘कुजेल तिथंच’ म्हणून तो पाण्यात सोडला तर काय होतं, तेही मोजता येतं. एक किलो कोरडा पाला पूर्ण कुजायला सव्वा किलोच्या थोडा खाली ऑक्सिजन खातो. उन्हाळ-पावसाळ्याच्या कोमट पाण्यात लिटरला सात-आठ मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एका किलोमागे दीडशे घनमीटर पाण्यातला सगळा प्राणवायू. हवेतून तो भरून येत राहतो हे खरं, पण रात्री कमी पडतोच. पहाटे रोहू-कटला तोंड वर काढून हापापताना दिसतात ते यामुळे. तलावाचा ठेका ढिवरांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, सोसायटीकडे असतो, नुकसान त्यांच्या पदरी येतं. कापणीची तारीख त्यांना विचारूनच ठरवावी.

तणनाशकाचं नाव निघतंच. ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांनीच करावी, असं बंधन केंद्राने २०२२ मध्ये घातलं. ज्या पाण्यात मासे आहेत, गुरं पितात आणि जे खाली धानात जातं, तिथे तो विचार सोडलेला बरा.

बेशरमची गोष्ट निराळी. तिला बुडवून मारता येत नाही. पोकळ दांडी तरंगते, आणि चिखलाला टेकली की प्रत्येक पेऱ्याला मुळं फुटतात. शेळ्या-गुरांना ती विषारी, म्हणून चरून संपण्याचीही आशा नाही. गाडीने तुडवली तर लागवड केल्यासारखं होतं. तिरकं कापलेलं खुंट भाल्यासारखं टायरात घुसतं, ते वेगळंच. ती सब्बलने (पहारीने) बुडखा हलवून मुळासकट उपटायची, पाळीपलीकडे कोरड्या जागी दगडांवर वाळवायची. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर समाजाच्या बायका-पुरुषांनी हे काम हातांनीच केलं आहे: बेशरम उपटली, उघड्या पोटात नांगर फिरवला, आणि माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. नांगरटीचं कारण पाणकणसालाही लागू आहे. त्याचं बी उघड्या ओल्या चिखलावर रुजतं, खोल पाण्याखाली दबून राहतं. हिवाळ्यात जो काठ उघडा पडतो तो मोकळा सोडला की तिथे हिरवं लव उगवतं. तेव्हा एक उभी-आडवी नांगरट पुरते.

सगळं मात्र कापू नये. जिथून नाला तलावात येतो तिथला पट्टा गाळ अडवतो, तो तसाच राहू द्यावा. जांभळ्या पाणकोंबड्या या रानातच घरटी करतात. गोंदियाचे सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत-लव्हाळ्यांचा ढीग रचून अंडी घालतात. पाव ते एक तृतीयांश रान ठेवून त्याच्या कडेला बांबू रोवावेत, आणि सप्टेंबरची फेरी बांबूंच्या आत जाऊ नये.

पुढच्या तलावावर नेण्याआधी गाडी काठावरच धुवावी. पट्ट्यांच्या खाचांत, आसाजवळ, डब्याच्या तळाशी अडकलेले कांद्याचे तुकडे आणि जलपर्णीची पिल्लं ब्रशने काढून उन्हात टाकावीत.

दुसऱ्या वर्षी जून आणि सप्टेंबर पुन्हा. तिसऱ्या वर्षी बांबूंच्या बाहेर इथे एक, तिथे दोन असे झुबके उरतात. त्यांच्यासाठी गाडी बोलावू नये. डोंगा, लांब दांड्याचा विळा आणि दोन माणसं एका सकाळीत ते उरकतात.