पाण्यात वेग हवा तर आधी अंगणात उड्या मारा

माझा भाचा मालवणचा. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकला, पुढे समुद्र, आणि डिसेंबरात चिवला बीचवर समुद्रातली स्पर्धा असते तिथे दोन वेळा उतरलेला. तर असा हा पोरगा पहिल्यांदा २५ मीटरच्या टँकवर ५० मीटर फ्रीस्टाइल पोहायला गेला आणि हरला. घरी येऊन म्हणतो, "मामा, पाण्यात माका कोण गाठणा नाय, पण उडयेतच मी मागे रवतंय."

मी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ परत परत पाहिला आणि पोरगा खरंच बोलत होता. उडी मारून डोकं वर आलं तेव्हाच शेजारच्या लेनवाला दीड हात पुढे, मग मधलं पोहणं अगदी बरोबरीचं, आणि टर्नला, म्हणजे टोकाला कोलांटी घेऊन भिंतीवर पाय मारून निघाले, तसा परत एक हात मागे. म्हणजे हात मारण्यात तो कमी पडलाच नाही, पाय मारून सुटण्यात पडला. आणि पडणारच ना, समुद्राला भिंत कुठे असते?

एक हात म्हणजे किती मोठी गोष्ट हे बघा. वीरधवल खाडे, जो आपल्या मालवणला तहसीलदार होता, तो २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला चौथा आला, ब्राँझ हुकलं ते ०.०१ सेकंदाने. त्या वेगाने एका सेकंदात माणूस साधारण सव्वादोन मीटर जातो, म्हणजे फरक झाला सव्वादोन सेंटिमीटर. आपल्या अंगठ्याची रुंदी तेवढी असते.

आता हे सव्वादोन सेंटिमीटर नुसतं जास्त पोहून का मिळत नाहीत? पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट दाट आहे आणि ते अडवतं ते वेगाच्या वर्गाने. वेग १० टक्के वाढवायचा तर जोर २१ टक्के जास्त लागतो आणि पॉवर तर ३३ टक्के. बरं, पाणी अंग उचलून धरतं, त्यामुळे पायांना स्वतःचं वजनसुद्धा पेलावं लागत नाही. म्हणजे दिवसाला चार किलोमीटर पोहणाऱ्याच्या मांड्यांनी त्या चार किलोमीटरांत एकदाही वजन उचललेलं नसतं, आणि रेसच्या दिवशी त्याच मांड्यांनी ब्लॉकवरून, म्हणजे टँकच्या काठावरच्या उडीच्या ओट्यावरून, झेप घ्यायची असते. पूर्ण रेसमध्ये सगळ्यात जास्त वेग कधी असतो माहितीये? पाण्यात शिरताना. त्यानंतर तेवढा वेग परत येत नाही, आणि पहिले १५ मीटर म्हणजे ५० मधले ३० टक्के झाले. ज्यांची स्क्वॉटची (वजन घेऊन मारलेल्या बैठकेची) ताकद आणि उभी उडी जास्त, ते पहिले १५ मीटर लवकर कापतात असं पोहणाऱ्यांवरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

म्हणून पावसाळ्यात आम्ही सुरुवात पायांपासून केली. तसंही जून-जुलैत समुद्र खवळलेला, १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीसुद्धा बंद असते, विहीर काठोकाठ भरलेली, सगळीकडे पाणी आणि पोहायला जागा नाही. पोराचे आजोबा म्हणाले दोनशे बैठका मारायला लाव. मला ते पटलं नाही. दोनशे बैठकांनी दम वाढतो पण उडी नाही वाढत, कारण झेप घ्यायला मिळतो पाऊण सेकंद आणि तेवढ्यात सगळा जोर एकदम सोडायला लागतो. त्यामुळे आमचा हिशोब असा, तांदळाची पिशवी छातीशी धरून पाच-सहाच बैठका, हळू खाली आणि झटक्यात वर, मग दोन-तीन मिनिटं चक्क बसून राहायचं, असं चार वेळा. नंतर पडवीत दोन चिरे एकावर एक रचून त्यांच्यावर उडी, आणि उतरताना उडी न मारता पाऊल टाकून उतरायचं. अंगणातल्या उघड्या चिऱ्यांवर पावसात अजिबात नको, शेवाळाने पाय गेला की सीझन गेला.

हातांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे म्हातारे बघा, टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकत दोर ओढतात, पाठी अशा की जिमवाल्याने लाजावं. मग ते टँकमध्ये उतरले तर जिंकतील का? नाही. रापणीचा दोर सावकाश येतो आणि ओढणाऱ्याच्या पायाखाली जमीन असते, तर स्प्रिंटरचा हात पाण्यात एका ओढीला जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद असतो आणि धरायला असतं फक्त पाणी. ताकद असणं आणि ती तेवढ्या वेळात, त्या कोनात बाहेर पडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९३ मध्ये टनाका, कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत कॉलेजच्या २४ पोहणाऱ्यांवर हेच तपासलं. निम्मे नुसते पोहले, निम्म्यांनी पोहून वर आठवड्यातून तीन दिवस वेट ट्रेनिंग केलं. वेटवाल्यांची उचलायची वजनं २५ ते ३५ टक्क्यांनी वाढली आणि पोहण्याचा वेग मात्र नुसतं पोहणाऱ्यांपेक्षा वेगळा वाढलाच नाही! उलट २००७ च्या एका फ्रेंच अभ्यासात १२ आठवडे जड वजनांचं काम करणाऱ्यांची ५० मीटरची वेळ सुधारली, आणि पाण्यात रबराने मागे-पुढे ओढून घेत स्प्रिंट मारणाऱ्यांचीही तेवढीच सुधारली. माझं मत विचाराल तर वजन उचलणं उपयोगी आहेच, पण त्याच आठवड्यात पाण्यात फुल स्पीडचे छोटे स्प्रिंट नसतील तर ती ताकद किनाऱ्यावरच राहते. ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन मॅकेव्हॉयने पोहण्याचे किलोमीटर खूप कमी केले, ताकदीचं काम आणि अगदी थोडे पण पूर्ण वेगाचे स्प्रिंट यावर भर दिला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरचं गोल्ड घेतलं, २१.२५ सेकंद. अर्थात तो आधीच वर्षानुवर्षं ढिगाने पोहलेला होता, हे आपल्याकडचे पालक सोयीस्करपणे विसरतात.

खांद्याचं सांगायलाच हवं. पोहणारा आठवड्याला हजारो वेळा हात आतल्या बाजूला ओढतो, त्यामुळे पुढचे स्नायू दांडगे आणि खांद्याला मागून सांभाळणारे बारीक स्नायू दुबळे, मग हात डोक्यावर नेला की कळ येते. त्याला सायकलची जुनी ट्यूब पुरते. एक टोक माडाला बांधायचं, कोपर बरगडीला चिकटवून ठेवायचं आणि हात दार उघडल्यासारखा बाहेर न्यायचा, सावकाश, पंधरा वेळा. दिसायला फालतू वाटतं पण हे एकच काम मी त्याला कधी चुकवू देत नाही.

बहिणीला काळजी की वजनं उचलून पोराची उंची खुंटेल. तसा काही पुरावा नाही. वयात येण्याआधी मुलांची ताकद वाढते ती मुख्यतः नसा स्नायूंना जास्त चांगला हुकूम द्यायला शिकतात म्हणून, दंड फुगत नाहीत. फक्त कोणीतरी समोर उभं राहून पद्धत बघायला हवी.

सुधारणा मोजायला स्टॉपवॉच ठेवलंच नाही, आपल्या अंगठ्याची चूक सहज ०.२ सेकंदाची होते. पडवीच्या भिंतीवर कोळशाने खूण केली, मृगाला उडी मारून बोटं जिथे टेकली ती एक, आणि नारळी पौर्णिमेला चार बोटं वर दुसरी. टँकवरचा नवीन व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने बघितला, दीड हाताचा अर्धा हात झालाय. टर्न अजून तसाच आहे, कारण भिंतीवर पाय मारायला इथे टँक जवळ नाही आणि चिऱ्यांवर उड्या मारून कोलांटी येत नाही.