उणे ३३ म्हणजे नक्की किती? थंडीचा त्रास मोजायची जुनी गोष्ट

माझी मावसबहीण कॅनडात एडमंटनला असते. जानेवारीत फॅमिली ग्रुपवर तिचा स्क्रीनशॉट येतो, तापमान उणे २० आणि त्याखाली "फील्स लाइक उणे ३३", आणि इकडे पुण्यात ९ अंशाला कानटोपी घालून बसलेले काका लगेच विचारतात, अगं मग नक्की किती धरायचं? प्रश्न एकदम रास्त आहे. कारण उणे ३३ कुठल्याच थर्मामीटरवर दिसत नाही, तो वारा धरून हिशोब करून काढलेला आकडा आहे, आणि गंमत म्हणजे उत्तरेकडच्या लोकांना लावला जाणारा हा हिशोब सुरू झाला पार दक्षिण ध्रुवाकडे.

१९०१ साली नॉर्डेन्शेल्डची स्वीडिश मोहीम अंटार्क्टिकाला निघाली, त्यात गोस्टा बॉडमन हा हवामानाच्या नोंदी ठेवणारा माणूस होता. एक हिवाळा काढून परतायचं ठरलेलं, पण न्यायला येणारं जहाजच बर्फात सापडून बुडालं आणि स्नो हिल बेटावरच्या लाकडी घरात सहा जणांना दुसरा हिवाळाही काढावा लागला. इतकी थंडी खाल्ल्यावर माणूस सूत्र मांडणारच. बॉडमनच्या सूत्रात शून्य अंश आणि वारा अजिबात नसेल तर हवेचा कडकपणा १. उणे ४० आणि वारा बंद, म्हणजे सैबेरियातल्या याकुत्स्क शहराचा जानेवारी, तर २.६. आणि समुद्रकाठी फक्त उणे २० पण सेकंदाला १० मीटर वारा, तर थेट ६.७! म्हणजे थर्मामीटर बघून आपण ज्या गावाला हात जोडतो ते या हिशोबात निम्म्याहून सौम्य निघतं. रशियात हे सूत्र अजून वापरतात.

पुढे अमेरिकेचे पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल. सिपल पहिल्यांदा अंटार्क्टिकाला गेला तो १९२८ मध्ये, रिचर्ड बर्ड या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेतला बॉय स्काउट म्हणून. नंतरच्या एका मोहिमेत या दोघांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाव किलो पाणी भरून ते छपरावर टांगलं आणि कुठल्या वाऱ्यात किती वेळात गोठतं ते बघत बसले. १९४५ ला ते छापून आलं आणि विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे जास्त जाणवणारी थंडी, हा शब्द रुळला. आता नळकांडं म्हणजे काही माणूस नाही, त्याला रक्त नाही, मफलर नाही, वारा लागला की ते भिंतीआड जात नाही, तरी पुढची पन्नासेक वर्षं अख्ख्या उत्तर अमेरिकेचे हवामानवाले त्याच्याच भरवशावर होते. २००१ मध्ये टोरांटोला १२ जणांना थंडगार वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं, चेहऱ्याला सेन्सर लावून, आणि त्यावरून सूत्र बदललं. उणे २० आणि ताशी ३० किलोमीटर वारा याला जुन्या सूत्राने उणे ४१ च्या आसपास यायचं, नव्याने उणे ३३. कागदावर आठ अंश थंडी पळाली.

क्युबेकचे भूगोलतज्ज्ञ लुई-एदमाँ आमलाँ यांना मात्र नुसत्या हवेवर भागवणं पटलं नाही. त्यांनी 'उत्तरपणा' मोजायला दहा गोष्टी घेतल्या, अक्षांश, बर्फ, उन्हाळ्याची ऊब हे तर झालंच, पण रस्त्याने पोचता येतं का, विमान किती वेळा येतं, वस्ती किती, कामधंदा काय हेही. प्रत्येकाला शंभरपर्यंत मार्क, ध्रुवाला पूर्ण १०००, आणि २०० च्या वर गेलात की तुम्ही उत्तरेत. म्हणजे गावाला रस्ता आला की गाव तिथेच राहून दक्षिणेकडे सरकतं! मला हे माप सगळ्यात शहाणं वाटतं, कारण बहीणही थंडीचं कौतुक सांगत नाही, ती सांगते की रात्री इंजिन गरम ठेवणारी, गाडीच्या बॉनेटमधून लोंबणारी वायर प्लगला लावायची राहिली आणि सकाळी इंजिन चालूच होईना.

पण उत्तरेत राहण्याचा थेट पगाराशी संबंध लावला तो सोव्हिएत रशियाने. 'क्राइनी सेव्हेर' म्हणजे टोकाची उत्तर, तिथे काम करणाऱ्यांसाठी सवलतींचा पहिला मोठा नियम १९३२ चा. पुढे गुणक आले, सैबेरियाच्या उत्तरेतल्या नोरिल्स्क शहरात पगार गुणिले १.८, रशियाच्या ईशान्य टोकाच्या चुकोत्का प्रांतात गुणिले २, वर जितकी वर्षं काढाल तितका भत्ता वेगळा. नोरिल्स्कच्या शाळांना तर घरगुती हिशोब आहे, सेकंदाला एक मीटर वारा म्हणजे दोन अंश जास्त थंडी धरायची. उणे ३० ला १० मीटर वारा सुटला की झाले उणे ५०, आणि पोरं सकाळी सुट्टी जाहीर होते का याकडे कान लावून.

१९९१ ला सोव्हिएत संघ फुटला, रशियात सगळीकडे महागाई भडकली, त्या पगारात काही राम उरला नाही. चुकोत्कात १९८९ ला सुमारे १ लाख ६४ हजार माणसं होती, २००२ ला जेमतेम ५४ हजार. थंडी तर तेवढीच होती. जे गेले ते 'मातेरिक'ला गेले, मातेरिक म्हणजे मुख्य भूमी. जमीन सलग असली तरी उत्तरेतले लोक बाकीच्या देशाला असंच म्हणतात, जणू आपण बेटावर राहतो. रशियाच्या आजच्या कायद्यातही टोकाच्या उत्तरेतल्या कामगाराला वर्षाला २४ दिवस जादा रजा आहे, आणि दोन वर्षांतून एकदा रजेवर जायचं-यायचं भाडं मालकाने द्यायचं.