इंग्रजी शब्दांच्या जाती आणि त्यांचा शेजार

उन्हाळ्यात खडकवासल्याचा साठा घटू लागला की पुण्यातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘सिटी प्लॅन्स वॉटर कट्स’ अशा धाटणीचे मथळे येतात. पाणीकपात होणार, हे वाचकाला क्षणात उमगते. पण ‘सिटी’ वगळता उरलेल्या तीन शब्दांची जात केवळ त्या शब्दांकडे पाहून सांगता येत नाही. ‘प्लॅन्स’ हे अनेकवचनी नामही असू शकते आणि ‘आखते’ या अर्थाचे क्रियापदही. ‘वॉटर’ म्हणजे पाणी किंवा पाणी घालणे. ‘कट्स’ म्हणजे कपाती किंवा ‘कापतो’. प्रत्येकी दोन शक्यता धरल्यास आठ जुळण्या होतात. त्यांपैकी नाम, क्रियापद, नाम, नाम हीच येथे अभिप्रेत आहे.

मराठीतही ‘कर’ भरायचा असला की नाम असतो आणि आज्ञा असली की क्रियापद; पण आपल्याकडे ‘पाण्याची’, ‘पाण्याने’ असे प्रत्यय बहुतेक वेळा शंका उरू देत नाहीत. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. मध्ययुगात ते झिजत गेले आणि त्यांचे बरेचसे काम शब्दक्रमाने उचलले.

म्हणूनच ‘क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद’ ही शाळेतली व्याख्या इंग्रजीत फार दूर नेत नाही. ‘अ क्विक रन’ यात धावण्याची क्रिया स्पष्ट आहे, तरीही ‘रन’ येथे नाम आहे, कारण त्याच्याआधी ‘अ’ आणि विशेषण आले आहे आणि त्याचे अनेकवचन ‘रन्स’ होते. भाषाशास्त्रज्ञ अर्थापेक्षा अशा कसोट्यांवर अधिक विसंबतात, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनाही व्याख्येआधी कसोट्याच शिकवाव्यात.

संगणकालाही शेजारच पाहावा लागतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 1960 च्या दशकात सुमारे 10 लाख इंग्रजी शब्दांचा मजकूर संगणकावर संकलित झाला. त्याला शब्दजाती लावण्यासाठी 1971 मध्ये हाताने लिहिलेल्या नियमांची प्रणाली वापरली गेली, आणि तिची अचूकता सुमारे 77 टक्के होती. पुढच्या पद्धतींनी संभाव्यतेचा आधार घेतला: ‘प्लॅन्स’ हा शब्द किती वेळा नाम असतो, किती वेळा क्रियापद, आणि नामामागून क्रियापद किती वेळा येते, हे आधी जाती लावलेल्या मजकुरातून मोजायचे व सर्वांत संभाव्य जुळणी निवडायची. वीस शब्दांच्या वाक्यात प्रत्येकी दोनच शक्यता असल्या तरी जुळण्या 10,48,576 होतात. त्या सगळ्या तपासण्याऐवजी प्रत्येक शब्दापाशी, त्याच्या प्रत्येक संभाव्य जातीपर्यंत पोचणारी सर्वोत्तम वाट तेवढी राखायची, ही युक्ती अँड्र्यू विटर्बी यांनी 1967 मध्ये संदेशवहनासाठी मांडली होती.

आज वर्तमानपत्री इंग्रजीत ही अचूकता 97 टक्क्यांच्या आसपास असते. आकडा भरघोस वाटतो, परंतु चुका परस्परांपासून स्वतंत्र मानल्या तर वीस शब्दांचे संपूर्ण वाक्य निर्दोष असण्याची शक्यता जेमतेम 54 टक्के उरते. अनेकदा अडते ते ‘अप’सारख्या चिमुकल्या शब्दांवरही. ‘लुक्ड अप द चिमनी’ यात तो शब्दयोगी आहे, तर ‘लुक्ड अप द वर्ड’ यात क्रियापदाचाच तुकडा. दुसऱ्या वाक्यात ‘लुक्ड इट अप’ म्हणता येते. धुराड्यात डोकावणाऱ्याला मात्र ‘लुक्ड अप इट’ असेच म्हणावे लागते.